मी घाम पुसत व्हते

माझ्या मित्राने आष्टी तालुक्यात एक वेस्टर्न बनवला. अठरा मिनिटांचा. हसू नका. मीही आधी हसलो होतो.

पण त्याचं म्हणणं ऐकून घेतलं तर पटतं. वेस्टर्नला काय लागतं? उघडं माळरान, लांबवर दिसणारी डोंगराची सपाट धार, पाण्याची मारामार, कायद्यापेक्षा मोठा असलेला एखादा माणूस, आणि कर्ज. बालाघाटाच्या रांगा आहेत. उन्हाळ्यात टँकर आहे. मुकादम आहे, त्याने दिलेली उचल आहे. गोष्ट साधी आहे: एक ऊसतोडणी करणारं जोडपं, म्हणजे आमच्याकडच्या हिशेबात एक 'कोयता', उचल फिटायच्या आत फडातून रात्री पळून जातं, आणि मुकादमाची माणसं मोटरसायकलवर त्यांच्या मागे लागतात. घोड्याऐवजी शाईन. बाकी सगळं सेम.

त्यातल्या बाईचं काम मित्राच्या आत्याने केलं. आत्या खरोखर तोडणीला जाते, वीसेक वर्षं झाली. दसऱ्याच्या आसपास, टोळी निघायच्या आधीच्या दहा-बारा दिवसांत, गावातल्या एकाच्या अर्ध्या एकर उसात त्याने तिचे प्रसंग उरकून घेतले. संगीताचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, माझ्याकडे बरा लॅपटॉप आहे, आणि इंजिनिअरिंगला असल्यापासून मला कीबोर्डवर काहीतरी वाजवत बसायची सवय आहे. त्याने फोनवर एवढंच सांगितलं, "ऑर्केस्ट्रा पाहिजे. मोठ्ठा. वेस्टर्नसारखा."

मोठ्ठा ऑर्केस्ट्रा आता फुकट मिळतो, हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राचे वादक लंडनच्या मायदा व्हेल स्टुडिओत बसले, त्यांनी प्रत्येक वाद्याचा एकेक सूर हळू, जोरात, तोडून, लांबवून वाजवला, आणि ते सगळे तुकडे सॉफ्टवेअरमध्ये भरून ठेवले गेले. त्याची एक छोटी आवृत्ती कुणालाही उतरवून घेता येते. मी हिंजवडीतल्या फ्लॅटमध्ये, रूममेट झोपलेला असताना, हेडफोन लावून एक पट्टी दाबतो, आणि लंडनमधली कितीतरी माणसं एकदम व्हायोलिनवर गज ओढतात. ती माणसं कोण आहेत ते मला माहीत नाही. ती कशासाठी वाजवतायत ते त्यांनाही माहीत नव्हतं. बीड जिल्ह्यातल्या एका बाईसाठी, हे तर त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

फिल्ममध्ये एक जागा आहे. पळून जायच्या आदल्या दिवशीची दुपार. आत्या वाढ्यानं मोळी बांधते, गाठ आवळते, क्षणभर थांबते, पदराने तोंड पुसते, आणि पुढच्या मोळीकडे वळते. चाळीस सेकंद. मी त्यावर तीन रात्री घालवल्या. खालून चेलो, मग व्हायोला, आणि पदर तोंडाकडे जातो तिथे सगळी व्हायोलिन वर चढतात. मी स्वतः ते ऐकून दोनदा रडलो. मित्र रडला. त्याच्या बायकोने फोन करून सांगितलं की तीही रडली.

पाडव्यानंतर टोळ्या परत आल्या. मी सुट्टी घेऊन गावी गेलो. मित्राच्या घरी, भिंतीला पांढरी चादर बांधून, आत्याला फिल्म दाखवली. ती जागा आली. आत्या जरा पुढे झुकली. फिल्म संपल्यावर सगळे काहीबाही बोलत होते, तेव्हा तिने मला विचारलं,

"बाबू, ते मोळीच्या टायमाला कोण रडत व्हतं?"

मी म्हटलं, "कोणी नाही आत्या. ते संगीत आहे. व्हायोलिन म्हणतात त्याला."

"ते कळलं रं. पण रडतंय कोण? मी तर घाम पुसत व्हते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. खोलीतले लोक हसले, तीही हसली, चहा आला. मी मात्र पुण्याला येईपर्यंत एसटीत त्याच वाक्यावर अडकून बसलो होतो. आणि खरं सांगायचं तर अजून पुरता सुटलेलो नाही. ती विचारत होती ते असं, की एखाद्या माणसाच्या तोंडावर तुम्ही तुमच्याकडची भावना चिकटवली, आणि ती इतकी सुंदर चिकटवली की बघणाऱ्या प्रत्येकाला ती त्याच माणसाची वाटली, तर तुम्ही त्या माणसाबद्दल खोटं बोललात की नाही?

आधी मला वाटलं, चूक वाद्यात आहे. बीडच्या उसात लंडनची व्हायोलिन, खोटं वाटणारच. पण हा विचार फार टिकत नाही, आणि तो का टिकत नाही ते वेस्टर्ननेच सांगितलं.

वेस्टर्नचं संगीत म्हणून आपल्या कानात जे बसलंय ते त्या मातीतल्या लोकांनी केलेलंच नाही. 'हाय नून' हा १९५२ चा गाजलेला वेस्टर्न. त्याच्या संगीताला ऑस्कर मिळालं. संगीतकार दिमित्री टिओमकिन, जन्म आजच्या युक्रेनमधला, शिक्षण सेंट पीटर्सबर्गमध्ये. अमेरिकी माळरानाचा आवाज म्हणून ज्यांच्या 'बिली द किड' आणि 'रोडिओ' या बॅले-रचना ओळखल्या जातात, ते एरन कोपलँड न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये स्थलांतरित ज्यू कुटुंबात वाढले. आणि एन्यो मोरिकोने तर रोमचे. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मधलं माळरानही अमेरिकेतलं नव्हे, स्पेनमधलं. गाई हाकणाऱ्या खऱ्या काउबॉयने आयुष्यात कधी साठ व्हायोलिन एकत्र ऐकली नसणार. म्हणजे ऑर्केस्ट्रा त्याच्या डोक्यावरही बाहेरूनच आणून ठेवलेला आहे. तरी कुणी इटलीच्या माणसाला विचारत नाही की बाबा, तुझा काउबॉयशी संबंध काय. आपल्याला मात्र लगेच विचारलं जातं. आपणच आपल्याला विचारतो.

हे 'सैराट'च्या वेळी मी स्वतः पाहिलं आहे.

२०१६. मी अठरा वर्षांचा. २९ एप्रिलला पिक्चर आला, आणि दुसऱ्या आठवड्यात आम्ही सात जण दोन गाड्यांवर बसून नगरला गेलो. 'झिंगाट'ला लोक खुर्च्यांवरून उतरून नाचले, चिल्लर उडाली, ते सगळं तुम्हाला माहीत आहे. मला त्याच्याही आधीची एक गोष्ट लागली होती. परश्या शेतातून पळत सुटतो आणि विहिरीत उडी टाकतो, आणि त्या पळण्यावर, त्या उडीवर एक अख्खा सिंफनी ऑर्केस्ट्रा. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच क्षणी डोक्यात आलं: हे आपल्यावर वाजतंय. करमाळा आमच्यापासून लांब नाही, मध्ये फक्त जामखेड. तशीच विहीर, तसाच बांध, तशीच पायात न टिकणारी चप्पल. तोवर माझ्या डोक्यात असा आवाज फक्त युरोपात सुट्टीवर गेलेल्या श्रीमंत पोरांसाठी किंवा मुघल बादशहांसाठी राखीव होता.

अजय-अतुल यांनी 'सैराट'साठी पाश्चात्त्य वाद्यमेळ हॉलिवूडमधल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला. तिथे असं ध्वनिमुद्रण करणारा तो पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याची बातमी झाली होती. जुन्या काळी हा एमजीएमचा स्टेज होता, 'द विझार्ड ऑफ ऑझ'चं संगीत इथलंच. चार कोटींच्या आसपास बजेट असलेल्या, नवख्या पोरांना घेऊन केलेल्या मराठी पिक्चरसाठी तिथवर जाणं हा हिशेबाचा मामला नव्हता. पुढे तो शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला, पण ते पुढे. ध्वनिमुद्रण करताना ते कुणाला ठाऊक नव्हतं.

तेव्हा आमच्या कॉलेजात एक सीनियर होता, नाटकं वगैरे करायचा, बराच वाचलेला. तो म्हणाला, हे सगळं उधारीचं आहे. गावातल्या गोष्टीला गावातला आवाज पाहिजे. हलगी पाहिजे, संबळ पाहिजे. हॉलिवूडचा ऑर्केस्ट्रा म्हणजे न्यूनगंड. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता देतो.

हलगी माझी आवडती आहे. पण हलगी 'गावाची' आहे असं म्हणताना गावात ती कोण वाजवायचं आणि कुठे उभं राहून वाजवायचं हे विसरून चालत नाही. गावगाड्यात ते काम ठरावीक जातींच्या माथी मारलेलं होतं. लग्न दुसऱ्याचं, मिरवणूक दुसऱ्याची, मयत दुसऱ्याची, आणि वाजवणारा सगळ्यांत पुढे चालूनही सगळ्यांत बाहेर. आंबेडकरी चळवळीनंतर अनेकांनी ही कामं सोडून दिली, तीही ठरवून. आता अशा माणसाच्या नातवाला तुम्ही सांगणार की तुझ्या प्रेमाच्या गोष्टीला हलगीच शोभते, व्हायोलिन नको, तो तुझा आवाज नाही? हा अस्सलपणाचा आग्रह फार सभ्य भाषेत तेच जुनं सांगतो, जे गावाने आधी सांगितलं होतं: आपल्या जागेवर राहा. इलयराजांचा जन्म तमिळनाडूतल्या पण्णैपुरम नावाच्या खेड्यातल्या दलित कुटुंबातला. त्यांनी १९९३ मध्ये लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिकबरोबर सिंफनी ध्वनिमुद्रित केली, आणि ८ मार्च २०२५ रोजी, ऐंशी पार केल्यावर, लंडनमध्येच 'व्हॅलियंट' ही सिंफनी सादर केली. अजय-अतुल त्यांना गुरुस्थानी मानतात. त्यांना जाऊन कुणी सांगावं की थविल पुरे होतं म्हणून.

शिवाय अस्सल आवाज म्हणजे कोणता, हेही एकदा फडात जाऊन ऐका. मी गेलोय. पहाटे तीनला उसाचा ट्रॅक्टर येतो. त्याच्या टपावर चार स्पीकर असतात, प्रत्येक आपल्या फ्रिजएवढा. त्यावर जे वाजतं ते रीमिक्स असतं, आणि त्यात कधी कधी 'झिंगाट'ही असतं. मोळ्या त्याच्या ठेक्यावर भरल्या जातात. लोकगीत शोधत आलेला माणूस अर्ध्या तासात डोकं धरून परत जाईल.

तर वाद्य परकं असणं ही अडचण नाही. आत्याचीही ती नव्हती. व्हायोलिन कुठून आलं असं तिने विचारलंच नाही. रडतंय कोण, एवढंच विचारलं.

मग मी 'सैराट' परत पाहिला. या वेळी हेडफोन लावून, वही घेऊन, कुठे संगीत आहे आणि कुठे नाही ते लिहीत. (सॉफ्टवेअरवाल्याची खोड. बग सापडला की लॉग बघायचा.) आणि एक गोष्ट दिसली. ती नागराज मंजुळेंना आणि अजय-अतुलना अर्थातच आधीपासून माहीत असणार. पूर्वार्धातला तो सगळा डामडौल आर्ची-परश्याची कीव करत नाही. तो त्यांच्या आतला आहे. विहिरीत उडी मारणाऱ्या परश्याला स्वतःलाच आपण तेवढे मोठे वाटतो आहोत. अठराव्या वर्षी, आवडती मुलगी समोर असताना, कुणाला वाटत नाही? संगीत त्याच्याकडे बघून बोलत नाही, त्याच्या बाजूने बोलतं. मग ते हैदराबादला जातात. डोश्याची गाडी, बाटल्यांचा कारखाना, झोपडपट्टी, भांडणं. ऑर्केस्ट्रा मागे पडतो. आणि शेवट. तो प्रसंग मी वर्णन करणार नाही, पाहिलाय त्यांना आठवत असेल. ते लेकरू, ती लाल पावलं, आणि आवाज नाहीच. ज्यांच्या हाताशी हॉलिवूडचा ऑर्केस्ट्रा होता त्यांनी सगळ्यांत मोठ्या दुःखाला एकही व्हायोलिन दिलं नाही. आपल्या वतीने रडायला पडद्यावर कुणी ठेवलं नाही. थिएटरमधून बाहेर पडताना आमच्या सात जणांपैकी कुणीही गाडी सुरू करेना, ते मला आठवतं.

मोरिकोनेंच्या बाबतीतही असंच काहीसं आहे. १९६८ च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची सुरुवात बघा, यूट्यूबवर आहे. तीन गुंड स्टेशनवर गाडीची वाट बघतायत. कितीतरी मिनिटं संगीत नाही. पवनचक्की कुरकुरते, टोपीवर पाण्याचा थेंब पडतो, तोंडावर माशी बसते. मग गाडी येते, जाते, आणि पलीकडे एक माणूस माउथ ऑर्गन वाजवत उभा असतो. ते सूर काही सुंदर नाहीत. कुणीतरी श्वास कोंडून फुंकल्यासारखे आहेत. ते तसे का आहेत हे शेवटी कळतं. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगत नाही, पण त्या माउथ ऑर्गनवर त्या माणसाचाच हक्क आहे, आणि त्याची किंमत त्याने लहानपणी मोजलेली आहे. पुढे त्याच सुरांवर अख्खा ऑर्केस्ट्रा चढतो तेव्हा तो बाहेरचा वाटत नाही. त्या माणसाच्या तोंडात आधीपासून असलेलीच गोष्ट तो मोठ्याने सांगतो.

जाता जाता: मोरिकोनेंना स्पर्धेतलं पहिलं ऑस्कर मिळालं ते २०१६ च्या फेब्रुवारीत, सत्त्याऐंशीव्या वर्षी, 'द हेटफुल एट' या वेस्टर्नसाठी. त्याचं संगीत त्यांनी प्रागमध्ये झेक वादकांकडून वाजवून घेतलं होतं. रोमचा माणूस, प्रागचे वादक, पडद्यावर वायोमिंगचा बर्फ. दोन महिन्यांनी हॉलिवूडच्या वादकांनी वाजवलेला ऑर्केस्ट्रा नगरच्या थिएटरात करमाळ्याच्या विहिरीवर वाजत होता.

इथवर आलो तेव्हा मला वाटलं उत्तर सापडलं. आतलं संगीत खरं, वरून ओतलेलं खोटं. मित्राला फोन केला, म्हटलं ती चाळीस सेकंदं काढतोय. तो भडकला.

त्याचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते सोपं नाही. तो म्हणाला, तुला कुणी सांगितलं ती आतून रडत नव्हती? आत्याने सांगितलं म्हणून? वीस वर्षं कोयता चालवलेली बाई चार माणसांत म्हणेल का, की हो, मी रडत होते? तिने घाम म्हटलं म्हणजे घाम असतो का? आणि तिला कळत नसेल, आपल्याला दिसत असेल, असं होत नाही का? दुसरं, तो म्हणाला, तुझ्या त्या व्हायोलिनमुळेच लोक बघणार आहेत. २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या तोडणीच्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या आल्या, तेव्हा कुठे सरकारने नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, १३ हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. त्या बातम्यांखालीही बासरी आणि पियानोच होता. लोकांना वाईट वाटलं म्हणून ते पुढे सरकलं. तू तुझी नीतिमत्ता हिंजवडीत बसून जप.

शेवटचं वाक्य लागलं. लागायचंच होतं.

त्याच्या पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे पुरावा नाही. दुसऱ्याच्या आत काय चाललंय हे मला कळत नाही, पडद्यावर तर नाहीच. पण त्यामुळे प्रश्न सुटत नाही, उलट आवळतो. मला कळत नसेल तर मी निदान तिचं म्हणणं खोडू तरी नये. ती म्हणते घाम, आणि मी तीन रात्री बसून सगळ्या जगाला पटवतो की अश्रू. तिच्या शब्दापेक्षा माझ्या व्हायोलिनला जास्त आवाज आहे, आणि फिल्म बघणारा कुणीही आष्टीला येऊन तिला विचारणार नाही.

दुसऱ्या मुद्द्याचं काय करायचं ते मात्र मला खरंच कळत नाही. बासरीने समिती येत असेल तर बासरी वाईट कशी म्हणू? फक्त एवढंच दिसतं, की त्या बासरीने बघणाऱ्याला रडवलं आणि रडून तो मोकळा झाला. त्या बायकांची नावं, त्यांची चीड, डॉक्टरांशी झालेली त्यांची भांडणं, खाडा पडला की कापले जाणारे पैसे, हे सगळं त्या बासरीखाली बुडालं. कीव वाटण्यात आपल्याला आपण चांगले वाटतो, म्हणून ती लवकर येते. राग यायला माहिती लागते.

'फँड्री'त एक प्रसंग आहे. जब्याचं कुटुंब डुक्कर पकडायला धावतंय, डुक्कर हाताशी आलंय, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. डुक्कर निघून जातं. तो प्रसंग मी पूर्वी व्यवस्थेवरचा विनोद म्हणून पाहायचो. आता बघताना वेगळंच वाटतं. संगीत माणसाला किती सहज जागच्या जागी उभं करतं. माझ्या चाळीस सेकंदांत आत्या तशीच उभी होती. मोळ्या बांधायच्या होत्या, ट्रक थांबला होता, आणि मी वरून वाजवत होतो: थांब, जरा दुःखी हो, लोक बघतायत.

मी ती व्हायोलिन काढली. मित्र पंधरा दिवस बोलला नाही. आता तिथे कोयता आहे, वाढं पिळल्याचा आवाज आहे आणि लांब एक इंजिन आहे. त्याने पाहिलं, म्हणाला, "ठीक आहे." त्याच्याकडून हे बरंच झालं.

मग मी दिवाळीत पुन्हा गावी गेलो, मुद्दाम आत्याला बदललेली फिल्म दाखवायला, आणि मनातल्या मनात शाबासकी घ्यायला. टोळी निघायला चार-पाच दिवस होते. तिचं सामान बांधणं चाललं होतं, बाजरीची पोती, पत्रे, चूल. या वेळी फोनवरच दाखवली. मोळीची जागा आली, गेली. आत्या काही बोलली नाही. मी विचारलं, "आता बरंय ना? आता कुणी रडत नाही."

"हा," म्हणाली. मग थोडं थांबून, "पण मग ते वाजवायचं कुठं गेलं? समदंच काढलंस का?"

मी म्हटलं, पळून जातात तिथे आहे, मोटरसायकली मागे लागतात तिथे आहे.

तिने फोन हातात घेतला आणि बोटाने मागे सरकवत फिल्मच्या सुरुवातीला नेला. तिथे एक दृश्य आहे, मित्राने मागल्या वर्षी खरोखर टोळी निघाली त्या दिवशी घेतलेलं. ट्रक भरलाय. भांडी, गाठोडी, दोन शेळ्या, लेकरं. सगळ्यांत वर, गाठोड्यांच्या ढिगावर, आत्या चढून बसते, आणि ट्रक हलतो. ते दृश्य मी मुद्दाम कोरं ठेवलं होतं. गाव सोडून जाण्याचा क्षण, जिल्ह्यातल्या लाखो माणसांचा दर वर्षीचा, त्यावर काही वाजवायची माझी हिंमत झाली नव्हती. आदर म्हणून शांतता ठेवली होती. स्वतःवर खूशही होतो.

"हितं लाव," आत्या म्हणाली. "मोठ्यानं."

मला काही सुचेना. मी म्हटलं, "आत्या, इथे? इथे तर तुम्ही गाव सोडून चाललाय."

"आरं, वर बसलं का समदं दिसतंय. पार डोंगरापस्तोर. वारं लागतंय. खाली उतरलं का हायेच मग चार-पाच महिने." मग हसून, "येक तेवढाच तर टाइम असतोय बसून ऱ्हायचा."

तिच्या मागून तिची सून म्हणाली, "आत्याबाईला नेहमी वरचीच जागा पायजे."

म्हणजे मी जिथे रडलो तिथे ती घाम पुसत होती, आणि जिथे मी मान खाली घालून गप्प राहिलो तिथे ती ट्रकच्या टपावर राणीसारखी बसली होती. माझी शांतताही माझीच होती. तीही मी तिच्या तोंडावर चिकटवली होती, फक्त आवाज न करता.

गेले तीन आठवडे ऑफिसनंतर मी तेच करतोय. फ्रेंच हॉर्न घेतलेत. वेस्टर्नमध्ये मैदान उघडतं तेव्हा हॉर्न येतात, कारण त्या वाद्याचा आवाज लांबून आल्यासारखा असतो, जवळ वाजला तरी. चार हॉर्न, खाली चेलो आणि डबल बास, व्हायोलिन अजून नाहीत. ट्रकचं इंजिन मी तसंच ठेवलंय, कारण ते नेमकं एका स्वरात घरघरतं, आणि सगळी रचना मी त्या स्वरावर बांधलीय. अडलंय एकाच ठिकाणी. हॉर्न कधी सुरू करायचे? ती चाकावर पाय देऊन वर चढायला लागते तेव्हा, की वर पोचून, पदर सावरून, नीट बसते तेव्हा? मध्ये सहा सेकंदांचं अंतर आहे. चढताना वाजवलं तर ती चढण्यालाच मोठेपणा मिळतो, आणि ते चढणं मी नीट पाहिलंय, गुडघा दुखतो तिचा. बसल्यावर वाजवलं तर ते तिच्या नजरेतून येतं, डोंगराबरोबर. मला दुसरं बरोबर वाटतं. पण मला काय बरोबर वाटतं त्याचा आत्तापर्यंतचा रेकॉर्ड तुम्ही पाहिलाच आहे.

दोन्ही प्रकार करून परवा रात्री तिच्या मुलाच्या नंबरवर व्हॉट्सॲप केले. खाली लिहिलं, आत्याला ऐकव, एक की दोन तेवढं विचार. ते आता कारखान्यावर आहेत. कोप्या पडल्यात तिथे रेंज नसते, सांगितलं होतं त्याने. अजून एकच टिक आहे.